अक्षर संपतं तेव्हा

पेठ रोडला, आरटीओच्या भिंतीलगत,
चिंचेखाली माझं टेबल होतं.
तीन नंबरचा ब्रश, ऑइलपेंटचे दोन डबे,
ओळ आखायला खडूत घोळवलेली सुतळी.

शाळेत सानप मास्तर सांगायचे,
अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते.

एमएच पंधरा मी झोपेतही काढला असता.
पुढचं अक्षर मात्र बदलायचं.
सुरुवातीला एकेक अक्षर दीड-दोन वर्षं पुरायचं,
नऊ हजार नऊशे नव्याण्णव म्हणजे
पार इगतपुरीपलीकडची गोष्ट वाटायची.
मग सातपूरला तिसरी पाळी सुरू झाली.
बोनस झाला की अक्षर संपायचं,
द्राक्षांचा कंटेनर सुखरूप उतरला की संपायचं,
पाथर्डी फाट्याला कुणाची दोन एकर एनए झाली
की चौथ्या दिवशी अख्खं घर
पेढे घेऊन माझ्या टेबलापाशी.
शेवटी शेवटी तर पंधरवड्यात झिजायला लागलं.
मास्तर, तुम्ही गाड्या मोजल्या नव्हत्या.

वाल्मीक खोडे, फिटर,
कॅरिअरला डबा बांधून सायकलीवर अंबडला जायचा.
त्याची लुना मी रंगवली. मग स्कूटर.
मग मारुती, तिसऱ्या हाताची,
तिच्या पाटीवर खाली कोपऱ्यात
बायकोचं नाव बारीक काढून घेतलं: इंदुमती.
इंदुमती वहिनी फारशा कुठे जात नसत.
नाव मात्र त्र्यंबक, वणी, सापुतारा करून आलं.

बस होती की. सिडकोच्या स्टॉपवर
माणसं वाट बघत उभी असायची.
हळूहळू माणसं कमी झाली, बस कमी झाली.
आधी कोण कंटाळलं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

कुणाला बेरीज नऊ हवी,
कुणाला दोनशे चौदाचा राम.
एका पोरानं एकेचाळीस एकेचाळीसचं 'दादा' करून मागितलं,
मी तीस रुपये जास्त घेतले,
पुढच्या चौकात हवालदारानं पाचशे.

नंतर पाट्या मशीनवर ठोकून यायला लागल्या.
सगळ्यांचं वळण एक, डॉक्टरचं तेच, दूधवाल्याचं तेच.
मी टेबल उचललं.
चिंचही गेली, रस्ता रुंद झाला.
सहा महिने रुंद होता.

आता मी तळघरात असतो.
गंगापूर रोडच्या पुढे, थॉमसनचे मांडव होते तिथं,
'द्राक्षवेल रेसिडेन्सी'.
खांबांवर नंबर काढतो, बी तीनशे चार, बी तीनशे पाच,
खाली पिवळा पट्टा, आठ बाय सोळा.
ब्रश तोच.
पूर्वी जाणाऱ्या वस्तूला नाव द्यायचो,
आता थांबायच्या जागेला देतो.
सेक्रेटरी क्षेमकल्याणी वही घेऊन मागे मागे:
"चौसष्ट फ्लॅट, सत्त्याण्णव गाड्या.
पेंटर, पट्टे जरा आत घ्या."
घेतले आत.
गाड्या काही आत आल्या नाहीत.

दसऱ्याला कल्पेशनं गाडी आणली, माझ्या पोरानं.
सात वर्षांचे हप्ते, पांढरी.
मी पाटीवरून बोट फिरवलं,
बोटाला रंग लागला नाही.
"बसा ना पुढे," म्हणाला.
बसलो, पट्टा लावून, पाहुण्यासारखा.

द्वारकेला अडकलो, पाऊण तास.
समोरच्या पाट्या वाचत राहिलो, दुसरं काय करणार.
दोन गाड्यांच्या फटीतून पलीकडे
एक जुनी मारुती दिसली,
पाटीवरचा पाच पोटाशी फुगलेला.
तसा पाच मीच काढायचो.
खाली कोपऱ्यात काहीतरी होतं,
अक्षरं की चिखल,
मी काचेला नाक लावलं.

सिग्नल सुटला.
ती गेली,
आम्ही तिथंच.