दोन बोटं माया

मे संपत आला की स्विंडनमध्ये
संध्याकाळ लवकर येतच नाही,
आणि दुकान बंद करायचं राहून जातं.

काउंटरवर पावतीपुस्तकाशेजारी
जुईचा लॅपटॉप उघडा.
पाच अर्जांतले दोन उरलेत,
एक ब्रिस्टल, एक न्यूकॅसल.
एक पक्कं म्हणून निवडायचं, दुसरं विमा म्हणून.
इथे असंच म्हणतात.
दुकानाचा विमा मला कळतो, व्हॅनचाही,
पण अठराव्या वर्षी
नेमका कशाचा विमा उतरवायचा?

पंधराव्या वर्षी हिनं पाटी बदलली होती:
पँट आखूड करणे नऊ पौंड,
उद्या हवी असेल तर चौदा.
मी म्हटलं, गिऱ्हाइकं पळतील.
पळाली नाहीत.
निम्म्यांना उद्याच हवी होती.
आता हिला धंदा शिकवणार कोण,
आणि तेही वर्षाला साडेनऊ हजार घेऊन?

ब्रिस्टलला चढ फार.
काचेची इमारत, फुकट कॉफी,
आणि भिंतीवर
शिकून निघालेल्यांच्या पहिल्या पगाराचा आकडा,
माझ्या उंचीएवढा.
जुई त्या आकड्यापाशी उभी राहिली, फोटो काढला नाही.

न्यूकॅसलला जायला गाडीत पाच तास.
नदीवर एवढा वारा की
माहितीपत्रक हातातून गेलं ते गेलंच.
एक बाई सांगत होत्या,
दोन वर्षं वर्गात, मग वर्षभर नोकरी,
मग परत वर्गात, याला सँडविच म्हणतात.
मला पिशवीतला डबा आठवून हसू आलं,
जुईनं माझ्या पायावर पाय दिला.

वैजयंती म्हणते, ब्रिस्टल चाळीस मिनिटांवर,
रात्री जेवायला घरी येईल.
जुई ते ऐकते
आणि ब्रिस्टलचा एक मार्क कापते.

काल ती वर गेली तेव्हा वही उघडीच होती.
बार्शीच्या अडतीवर माझे वडील आखायचे
तशी आखलेली, मीच शिकवली होती कधीतरी:
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
(तिथे गेल्यावर हे उलटं शिकवतील.)
न्यूकॅसलच्या पानावर, जमेला,
‘तिथे मला कुणी ओळखत नाही.’
आणि नावे,
‘तिथे मला कुणी ओळखत नाही.’
मी दोनदा वाचलं.
ताळा बरोबर होता.

मला कुणी विचारलं नव्हतं.
थोरल्या भावानं फॉर्म भरून आणला,
बोट ठेवलं तिथे मी सही केली.
अजून तीच सही करतो,
बँकेत, पोस्टात, तिच्या शाळेच्या कागदांवर.

आज दार ढकलून प्रिचर्डसाहेब आले,
हातात नातवाची पँट,
शाळेच्या शेवटच्या नाचासाठी.
“फार कापू नका,” म्हणाले,
“पोरगं अजून वाढतंय.”
मी खडूनं रेघ मारली,
आत दोन बोटं माया ठेवली,
कापड दुमडून टाचलं.

मागे बटण दाबल्याचा आवाज आला.
थोडा वेळ गेला, मग दुसऱ्यांदा.
कुठलं, ते मी विचारलं नाही,
तोंडात टाचण्या होत्या.

प्रिचर्डसाहेब गेले. ते तिला जोई म्हणतात,
जाताना जोईलाही हात केला.
तिनं लॅपटॉप मिटला,
खुंटीवरचे कोट उगाच सरळ केले.
मग म्हणाली, “बाबा, माळ्यावरच्या मोठ्या बॅगेची
चेन तुटलीय ना,
ती बसवून मिळेल?”

एकेक टाचणी काढून
मी डबीत ठेवली.
“मिळेल की,” म्हटलं,
“उद्या हवी असेल तर चौदा पौंड.”