हातचा

फेब्रुवारीत वडदटोल्याची वाट
कुणाला विचारावी लागत नाही.
भिवापूर मागं पडलं, कालवा ओलांडला,
हेल्मेटच्या आत ठसका लागला
की समजायचं, गाव आलं.

नागपूरहून मी सहाच्या बसनं निघते.
पुढं स्कूटी, ती माझ्याआधी खोकते.
शाळा दोन शिक्षकी; दुसरे गुरुजी
दिवाळीपासून पंचायत समितीच्या टेबलावर.
चार वर्ग, एक खोली, दोन फळे,
पहिलीची पाठ दुसरीकडे, तिसरीची चौथीकडे.

चौथीचा पट अकरा. हजर चार.
बाकीचे सातऱ्यावर,
ताडपत्रीखाली लाल ढिगाशी,
आईच्या गुडघ्याला गुडघा लावून
मिरचीचे देठ मोडत. किलोला आठ रुपये.

महिन्याला एक फॉर्म येतो:
शाळाबाह्य मुले किती?
रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या नवव्या पायरीवर.
तिथं उभी राहून मी लिहिते, निरंक.
तिथून सातरा स्पष्ट दिसतो.

डिंपल नन्नावरे मधूनमधून येते, अर्धा दिवस.
पाटी मांडीवर, हात हवेत.
"लिही ना."
"आग होऊन राहिली, मॅडम."
डोळ्याला हात लावायचा नाही
हे तिला मुळाक्षरांच्या आधी कळलेलं.
रडू आलं तर ती मनगटानं पुसते.

मधल्या सुट्टीत खिचडीवाल्या मंदाबाई
वाटीभर ताक घेऊन येतात.
पोषण आहाराच्या यादीत ताक नाही,
ते त्यांच्या घरचं.
डिंपल बोटं बुडवून बसते.
म्हटलं, चल, तोंडीच करू. तेवीस आठे?
"आठ त्रिक चोवीस. चार मांडले, दोन हातचे.
आठ दुणे सोळा, अन् दोन अठरा.
एकशे चौऱ्याऐंशी."
"आणि हातचे कुठं ठेवलेस?"
तिनं वाटीतून दोन बोटं वर काढली.
ताक गळत होतं.

सोमवारी टिकेश नेवारेनं बातमी आणली.
त्याला बातम्या आणायला आवडतात, गृहपाठ नाही.
"मॅडम, डिंपी दिवाणजीले भिडली!
मायचे सोळा किलो, तिचे सात.
त्यानं मांडले एकशे चौसष्ट.
ते म्हणे, तुमी हातचे खाल्ले."

हातचे खाल्ले.
मी खडू खाली ठेवला.
सतरा वर्षं हा शब्द शिकवतेय,
आणि एकदाही विचारलं नाही,
कुणाच्या हातचे.

दिवाणजीनं वीस रुपये दिले म्हणे, हसत.
पोट्टी हुशार आहे म्हणाला.
मग तिच्या आईला म्हणाला,
"उद्यापासून आणू नोको तिले."

मंगळवारी डिंपल पूर्ण दिवस आली.
मागोमाग तिची आई, फाटकाबाहेरच थांबलेली,
पदरावर लाल भुकटी.
"मॅडम, रोजचे छप्पन रुपये गेले माहे."
मी काहीतरी बोलायला लागले,
शिष्यवृत्ती, नवोदय, पुढं सायकल,
सगळे शब्द फॉर्ममधले.
तिनं मध्येच थांबवलं.
"आता शिकवाच," म्हणाली,
आणि सातऱ्याकडे भरभर निघाली.
उशीर झाला होता तिला.

पटावर आज पाच.
सहा अजून ताडपत्रीखाली.
मी टाकीवर चढले, नवव्या पायरीपर्यंत.
मागच्या महिन्याचं निरंक खोडता येत नाही,
फॉर्म तेवढी जागा देत नाही.
या महिन्याच्या चौकटीत लिहिलं: सहा.
चक्र फिरत राहिलं बराच वेळ.
गेला की नाही, माहीत नाही.
उद्या फोन येईल साहेबांचा, तो येतोच.

खाली उतरेपर्यंत
डिंपलनं फळ्याचा ताबा घेतला होता,
सुजलेल्या बोटांत खडू मावत नव्हता नीट,
आणि टिकेशला दटावणं चाललं होतं:
"अन् हातचे?
हातचे कोन घेईन, तुया बाप?"