अकरावी वाटी

नाशकात कुणी फार बोललं की म्हणतात,
नारोशंकराची घंटा.
माझी बहीण ठकू दिवसाला चार शब्द बोलायची,
तरी तांबट आळीत तिला तेच नाव पडलं होतं,
कारण ती घंटा वाजली की ही हातातलं काम टाकून
भिंतीला कान लावून बसायची
आणि नाद पुरता विरेपर्यंत
कुणालाही ओ द्यायची नाही.

आळीत साठ हातोडे एकदम पडत.
त्यातून ती सांगायची,
"बाबा, तुमचं घंगाळ डावीकडं खोटं बोलतंय."
बाबा शिवी हासडायचे,
डावीकडं दोन ठोके द्यायचे,
मग गप्प.

आई पटकीत गेली, माझं बारसं व्हायच्या आत.
अस्थी रामकुंडात सोडल्या.
तिथं हाड साडेतीन घटकांत विरघळतं, गुरुजी म्हणाले.
आठ वर्षांच्या ठकूनं विचारलं,
"आणि आवाज?"
गुरुजी दक्षिणा मोजत होते.
तो कशाला उरतोय, म्हणाले.

सोळाव्या वर्षी तिनं बाबांकडून
काशाच्या अकरा वाट्या ठोकून घेतल्या,
कानाच्या पाळीइतक्या पातळ.
रात्री कुंडावरून पाणी मी आणायचो,
दर पायरीचं वेगळं, न सांडता.

वेताची काडी लागली
आणि पहिल्या वाटीतून एक गुराखी
गंगापूरच्या बाजूनं म्हशीला हाका मारत आला.
दुसरीतून एका म्हातारीचा खोकला, अगदी ठेक्यात.
तिसरीत कुणी बाळंतीण हसली.
मी बाबांच्या मागं लपलो.
"भुतं नाहीत रे," ठकू म्हणाली,
"सूर आहेत. जागेवर लागलेत."

बातमी उतारानं गेली.
आनंदवल्लीहून मेणा आला.
आतल्या बाईंनी पाटल्या उतरवून ठेवल्या:
लढाईवरून ज्यांची राखच आली, त्यांचा एक शब्द.
ठकूनं सातवी वाटी वाजवली.
सरदार बोलले,
"घोड्याचे हरभरे भिजत घातले का?"
बाई पदर तोंडात कोंबून हसत राहिल्या,
मेणा उचलला तरी,
मेणा वळला तरी.

एकदा वाजलेला आवाज परत येत नसे.
मग वाटीत उरे ते नुसतं पाणी.
म्हणून अकरावीवर पळसाचं पान.
तिला हात लावायचा नाही,
एवढंच ठकू म्हणे. का, ते नाही.
मला कळत होतं.

मी लावला.
संक्रांतीची दुपार, सगळे सराफ बाजारात,
काडी सापडेना, नखानंच टिचकी मारली.
मला वाटलं होतं त्याहून आवाज जाड होता.
"ठके, दूध उतू जातंय."
झालं.
माझं नाव नव्हतं त्यात.
असणार कुठून,
ती होती तोवर मला नावच नव्हतं.

विहिरीचं पाणी भरलं, पान झाकलं.
ठकू रोज ते पान बदलत राहिली.
चार वर्षं.

सिंहस्थ आला,
उत्तरेकडच्या एका तांड्याबरोबर ती निघाली,
दहा वाट्या पाठीशी बांधून.
अकरावी माझ्या हातात दिली.
"तू काठोकाठ भरलीस," ती म्हणाली,
"मी दोन बोटं कमी ठेवायची.
त्या संध्याकाळी उंबऱ्यातच कळलं,
हातोड्यांनी तिच्यात हललं पाणी, तेव्हा."

माझं तोंड वेडंवाकडं झालं.
"काय म्हणाली?" तिनं विचारलं.
"दूध उतू जातंय म्हणाली."
"मग?" ठकू म्हणाली,
"उतरवलंस की नाही?"

आणि तांड्यात मिसळली.

आता मला दात नाहीत.
रात्रीचं दूध त्याच वाटीतून पितो,
दोन बोटं कमी.