सात नंबर

जालन्यात, बियाण्यांच्या गोदामात, रात्रपाळीला
सात नंबरचा रोबो निघतो.
रांग चौदा, भेंडी.
वळून रांग दोन, गवार.
पुन्हा थेट तेराला, दोडक्यासाठी.
एका ऑर्डरीला एकशे बारा सेकंद.

मी चाकांचा वेग वाढवला: एकशे नऊ.
वळणं गोल केली: एकशे सात.
पुण्याहून फोन, नव्वदच्या आत आणा.

गफूरचाचा कोपऱ्यात पाकिटांवर शिक्के मारत होते,
लॉट नंबर, उगवण, तारीख,
गुडघ्याला पट्टा बांधून.
"किती पळवायलास रे त्याला?
परसात लावणाऱ्या बाया एकदाच मागवतात,
भेंडी, गवार, दोडका,
अन् उरल्या पैशात कोथिंबीर.
शेजारी बसव की त्यांना."

पहाटेपर्यंत खोकी हलवली.
सात नंबर गेला, एका जागी थांबला,
चार वेळा हात लांबवला,
परत.
एक्क्याऐंशी.

मी विचारलं, चाचा, मग एकवीस वर्षं तुम्ही?
ते हसले.
"माझ्या पायाला कुठं मीटर होता?"

अहवालात रकाना होता, सूचना कोणाची.
नाव टाकलं तर कर्मचारी क्रमांक मागितला.
चाचा कंत्राटावर. क्रमांक नाही.
रकाना रिकामा ठेवून पाठवता येईना,
म्हणून माझा टाकला.

सकाळी दिवे विझवताना दिसलं:
चौदा ते दोन, फरशीवरचा पिवळा पट्टा
मधोमध झिजलेला,
एका माणसाच्या रुंदीएवढा.
रोबोची चाकं तर
पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून जातात.