एक दात कमी

लुमाण्णा गावडे आमगावहून आला
तेव्हा उद्यमबागेत दुपारची शिफ्ट सुटत होती.
जीप दारात उभी केली,
म्हाताऱ्यानं मुलाचे बूट घालून यावं तशी.

तेहतीस इंची टायर. आधी एकोणतीस होते.
ओढ्यातले धोंडे पोटाला लागायचे, म्हणाला.
आता लागत नाहीत,
पण चढ आला की म्हशीसारखी मध्येच बसते.

"चार इंच वाढवलास, खाली दोनच मिळाले," मी म्हटलो.
"उरलेले दोन वर मडगार्डात गेले.
आणि पाऊल लांब झालंय
हे इंजिनला कोणी सांगितलंच नाही."

खडूनं फरशीवर मांडलं:
क्राउन एक्केचाळीस दातांचा, पिनियन दहा.
चार पूर्णांक एक.
गुणिले तेहतीस, भागिले एकोणतीस.
चार सहासष्ट.
असला जोड बाजारात मिळत नाही.
मिळतो एक्केचाळीसला नऊ,
नाहीतर एकोणचाळीसला आठ.

आठाचा म्हणजे चढाला बैल,
पण डांबरावर सत्तरला किंचाळणार,
आणि पिनियन हडकुळा,
धोंड्यात अडकून झटका बसला तर दात हातात.
"तुझी वाट सांग आधी," मी विचारलो.

काजूची पोती. शाळेची पोरं.
पावसाळ्यात कोण आजारी पडेल ते.
गेल्या श्रावणात चिखल्याच्या चढावर क्लच जळला,
मागे तुळसा, दिवस भरलेली.
आधी वास, मग धूर,
धुरातच पोरगा झाला.
"बरा आहे. वाडीत त्याला क्लचच म्हणतात."
बाळेश स्पॅनर टाकून हसला.
लुमाण्णाही हसला, आणि मग
हाताला नसलेली काजळी पुसत राहिला.

"चढ पाच किलोमीटर," म्हणाला, "पुढं डांबर तीसच्या वर."

मी आठावर पाय फिरवला. खडू पुसला गेला.
नऊ.
एकच दात कमी करायचा, बस.
त्याच्या तोंडात समोरचे दोन नव्हते,
त्याला ते जड गेलं नाही.

जड गेला तो पैसा.
"मागचाच बदला ओ, पुढचा राहू दे."
"नाही जमत. चारी चाकं लावलीस की
पुढचा ॲक्सल एक बोलणार, मागचा दुसरं.
आपल्या गावच्या पाट्यांना चालतं ते,
मधली ट्रान्सफर पेटी फुटते त्यानं."

तो बराच वेळ चहाचा कप फिरवत बसला.
मग म्हणाला, दोन्ही.

नवा जोड खोक्यातून काढला.
क्राउनवर जो आकडा कोरलेला, तोच पिनियनवर;
एकत्र घासून काढलेले,
एक हरवला तर दुसरा भंगार.
बाळेश दात मोजतो कन्नडमध्ये, मी मराठीत,
तो नलवत्तोंदु म्हणाला, मी एक्केचाळीस,
बोटं एकाच दातावर.

तेलात शेंदूर कालवून क्राउनला लावला.
लुमाण्णानं सवयीनं हात जोडले.
"देव नाही रे, ठसा बघतोय."
फिरवलं. ठसा टाचेकडे.
पाच थाऊची शिम काढली. फिरवलं. आता अंगठ्याकडे.
दोन थाऊची घातली.
रात्रीचे साडेआठ, फाउंड्रीची भट्टी दूरवर लाल,
आणि ठसा बसला दाताच्या मधोमध,
खारकेच्या बीएवढा.

पुढचा ॲक्सल दुसऱ्या दिवशी.

निघताना विचारलं, "आता मीटर खरं बोलेल?"
"साठ म्हणेल तेव्हा साडेएकसष्ट असेल."
"दीड राहिला म्हणायचा."
"राहिला."

अर्धे पैसे रोख दिले, बाकीचे काजू आल्यावर.
आणि दहा दातांचा जुना पिनियन
रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यात गुंडाळून मागितला,
क्लचला खेळायला.