शेरा

रबाळ्याच्या शेडमध्ये दुपारी साडेतीनला
हर्षल केणी माझ्यासमोर ग्लास ठेवतो
आणि दोन पावलं मागे सरतो,
हात कुठे ठेवावेत ते न कळून.
बॅच सतरा. आठ पूर्णांक दोन टक्के.
हॉप्स तिप्पट, म्हणतो, शेवटचे तर टाकी गार झाल्यावर.

मी आधी बघते.
पितळेचं तबक चिंचेनं घासलंय
आणि पुसायचं राहिलंय, तसा रंग.
फेस बोटभर, बसायची घाई नाही त्याला.
आठ.

मग नाक.
कैरीच्या देठाचा चीक. आंबेहळद.
पपनसाची आतली पांढरी साल, आपण सोलून टाकतो ती.
आणि खाली कुठेतरी राळ,
नुकत्याच रंधा मारलेल्या फळीची.
"पाइन लिहा ना मॅडम, पाइन."
मी पाइनचं झाड पाहिलेलं नाही.
मी राळ लिहिते. नऊ.

वाइनवाले चाखून थुंकतात.
इथे गिळावं लागतं.
कडू राहतं जिभेच्या मुळाशी,
त्याला भेटायला त्याच्या दारापर्यंत जावं लागतं.

बावीस वर्षं महाप्याच्या औषध कंपनीत होते.
काम एकच, कडू लपवायचं.
गोळीवर साखरेचे थर,
सिरपला संत्र्याचा वास.
पोरांनी तोंड वाकडं करू नये म्हणून
माझं किती वेळा वाकडं झालं
त्याची कुठल्या रजिस्टरात नोंद नाही.
कंपनी बडोद्याला गेली. मी गेले नाही.
आता त्याच जिभेला हा पोरगा पगार देतो,
शोधा म्हणतो, कुठे आहे कडू.

दुसरा घोट.
आधी माल्ट, पोळीच्या भाजक्या कडेसारखा.
मग कडू येतं, सरळ, न लाजता.
कारल्यासारखं भांडत नाही,
काडेचिराइतासारखी शिक्षा करत नाही,
मांडी घालून बसतं, बोलायला तोंड उघडतं,
आणि नेमकं तेव्हाच
कुणीतरी त्याच्या तोंडात पेढा कोंबतं.

मी ग्लास खाली ठेवते.
"हर्षल, यात काय चढवलंस?"
तो पंख्याकडे बघतो.
"लॅक्टोज. थोडंच. वाशीचे पबवाले म्हणतात,
गिऱ्हाईक दुसरा ग्लास मागत नाही."
"अरे, हेच तर माझं काम होतं."
टाकीत एक बुडबुडा फुटतो.
आम्ही दोघंही तिकडे बघतो.

चव सात. अंग सात.
शेवट या चौकटीत सहा.
पन्नासपैकी सदतीस.
शेरा: ऐनवेळी माघार घेते.
तो दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा ओठ हलवत.

साडेपाचची बस.
सुती साडी, चष्मा, स्टीलचा डबा,
आणि तोंडाला हा वास.
शेजारची बाई आधी खिडकी उघडते,
मग मला बघते, मग सरकते.
कंडक्टर सुटे पैसे मोजून देतो,
नेहमीपेक्षा सावकाश, मोठ्यानं.
मी काही सांगत नाही. ड्यूटीवर आहे अजून.

घणसोली. जीभ टाळूला लावून बघते. आहे.
महाप्याला जुन्या गेटवर दुसऱ्याच कुणाचा बोर्ड.
आहे.
कोपरखैरणे.
गोड कुठल्या स्टॉपवर उतरलं कळलंच नाही,
कडू मात्र उभं आहे
दांडी धरून.

वाशीला उतरून फोन लावते.
"शेवट आठ कर."
"म्हणजे एकोणचाळीस?" थोडं थांबून, "चाळीस नाहीच?"
"लॅक्टोज काढ. मग बघू."
तो हसला की टाकीचा आवाज आला, कोण जाणे.

घरी ह्यांनी चहा केलेला असतो,
दोन चमचे साखर घालून.
थांबा, म्हणते मी,
अजून दहा मिनिटं.