एकशे बहात्तर ग्रॅम

नेमीशेठच्या दुकानात बियाणं तोलायचा काटा आहे,
कांद्याच्या बियाशीही खोटं न बोलणारा.
त्यावर मी उजवा बूट ठेवला.
एकशे बहात्तर.
"एवढ्यात एक वांगं बसतं," शेठ म्हणाला,
"आणि पैसे किती मोजलेस?"
मोजले नव्हते. मुजावर सरांनी दिले होते,
पुण्याहून कुणाकडून तरी मागवून.

नऊ वर्षं खोक्यात होते,
आतल्या पातळ कागदासकट, कापराची वडी टाकून.
जिभेच्या मागे जर्मनीतलं कुठलंसं गाव छापलेलं.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
आणि मधे कपाटाचा वरचा कप्पा.
सरांनी बजावलं होतं :
शर्यतीचे बूट शर्यतीलाच.
रोजच्याला जाड तळ, आणि गुमान पळायचं.

नऊ वर्षांत शर्यती आल्या तीन.
एक नांदेडला, एक लातूरला,
तिसरीच्या दिवशी मला एकशेतीन ताप.
बाकी सगळे दिवस कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेट धुण्याचे,
आणि पहाटे जिंतूर रोड,
गादीवरून चालावं तसा.

आईकडे सोनेरी काठाच्या सहा कपबश्या होत्या,
जावई येईल तेव्हासाठी.
जावई आला, म्हणाला, मी चहा सोडलाय.
पुढे मलाही.
कपबश्या अजून सहाच्या सहा आहेत.

तर एका मंगळवारी जाड बुटाचा तळ सुटला.
मोईनभाई म्हणाला, संध्याकाळी ये.
पण पहाट काही संध्याकाळपर्यंत थांबत नाही.
मी खोकं खाली काढलं.

डांबर संपून मुरूम कुठे सुरू होतो
ते मला डोळ्यांनी माहीत होतं.
आता तळव्याला कळलं.
विद्यापीठाच्या फाटकातली लोखंडी जाळी,
कुणाच्या ट्रॉलीतून सांडलेली तूर,
वाटाण्याएवढी खडी,
आणि ती गोल नव्हती, चपटी होती.

दुसऱ्या दिवशी लॅबचा जिना मी उलटी उतरले,
कठडा धरून, पायरी पायरी.
पोटऱ्यांत कुणी पिळून गाठ मारलेली.
"अगं माय," कौतिकमावशी झाडू थांबवून म्हणाली,
"कोण पाठी लागलं व्हतं?"
कोणी नाही, बुटाचा तळ पातळ आहे.
"मंग माही तर रोजचीच पातळ हाय,"
म्हणत तिनं चप्पल उचलून दाखवली.
टाचेपाशी आरपार दिसत होतं.
मला पुढे काही सुचलं नाही.

सरांना कळलंच. स्कूटर माझ्या बाजूनं चालवत
ते नुसते पायांकडे बघत राहिले.
"टाचेची शीर धरली तर माझ्याकडे यायचं नाही."
मग थोडं पुढे जाऊन गाडी स्टँडला लावली :
"आठवड्यातून दोनदा. महिन्यानं तीनदा.
पावलं छोटी टाक. आणि काळ्या रानात नको,
चिकटली माती तर मणाचे होतील."
मी ऐकलं. सगळंच नाही.

आता जिनिंगसमोरची कुत्री उठत नाहीत.
माझी चाहूल लागायच्या आत मी पुढे गेलेली असते.
हे खोटं आहे. तेवढी मी जलद नाही,
घड्याळात पाच-सात सेकंदांचाच फरक.
आवाज कमी झालाय एवढंच.
टाच आधी आपटायची, ती आता मागून येते,
उशिरा आलेल्या पाहुणीसारखी, दार न वाजवता.

बोटापाशी जाळी फाटली. मी आतून ठिगळ लावलं,
जुन्या परकराचं, जांभळं.
नांदेडची शर्यत पुन्हा जाहीर झालीय.
सर विचारतात, तेव्हा काय घालशील?
हेच.
आणि हे तोवर टिकले नाहीत तर?
मी लेस बांधत होते.

चैत्रात पुन्हा दुकानात गेले.
शेठनं बोरीच्या गिऱ्हाइकाची पिशवी बाजूला सारली.
एकशे एकोणसाठ.
"तेरा ग्रॅम कडता," तो म्हणाला. "कुणी खाल्ला?"
मी जिंतूर रोडच्या दिशेनं हात केला.
त्यानं बूट उलटा केला, तळावर फुंकर मारली,
खाचेतून मुरमाचा एक खडा
टणकन ताटलीबाहेर पडला.
"आता बघ."
एकशे अठ्ठावन्न.